नाताळच्या सुट्टीत पाण्याखाली : मालवण, नेत्राणी, अंदमान की लक्षद्वीप?

सदाफिरस्ता

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघायचं आहे, आठ दिवस हाताशी आहेत. माणसं चार. आम्ही नवरा-बायको चाळिशीच्या आसपास, मुलगी ११ वर्षांची आणि आई ६४ ची. मी आणि मुलगी व्यवस्थित पोहतो. बायको तलावात गळ्याएवढ्या पाण्याच्या पुढे जात नाही. आईला पोहता येत नाही, पण मासे बघायची हौस सगळ्यांत जास्त तिलाच. मला दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार नंबर आहे. मुलीला लहानपणी दमा होता, अजूनही थंडीत कधीतरी पंप लागतो.

चार नावं काढली आहेत : मालवण, नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप. व्हिडिओ बघून सगळीकडचं पाणी सारखंच निळं दिसतंय. मला फोटोपुरती डुबकी नको, नीट शिकायला मिळालं तर कोर्सही करेन. पण चौघांनाही काहीतरी मिळालं पाहिजे. मालदीव, बाली वगैरे सुचवू नका, पासपोर्ट दोघांचेच आहेत.

---

वीस_मीटर

तुमच्या चौकडीत सगळ्यांत कच्चं पोहणारं माणूस आई आहे, तेव्हा जागा त्यांच्यावरून ठरवा. पट्टीच्या पोहणाऱ्याला कुठेही मजा येते. न पोहणाऱ्याला जिथे बोटीतून थेट खोल पाण्यात उतरावं लागतं, तिथली सहल पहिल्या दहा मिनिटांत संपते.

या एका चाळणीत नेत्राणी गळतं. जागा म्हणून पश्चिम किनाऱ्यावर सहज पोचता येण्याजोगी ती सर्वोत्तम आहे. मुरुडेश्वरहून सुमारे १९ किलोमीटर आत, म्हणून नद्यांचा गाळ तिथवर फारसा पोचत नाही. डिसेंबर-जानेवारीत १०-१५ मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, कधी त्याहून जास्त. पण बेटाला किनाराच नाही. कडे सरळ पाण्यात उतरतात, बोट नांगरून तिथूनच उडी मारायची. जाताना दीड तास, येताना दीड तास, आणि वारा सुटला की बोट हलते. तुम्ही एकटे असता तर दोन दिवस तिकडेच काढा म्हटलं असतं. पनवेलहून मत्स्यगंधा पकडली की थेट मुरुडेश्वर स्टेशन. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : डाइव्ह करून त्याच दिवशी गाडीने पुण्याकडे निघायचं नाही. घाटमाथा सहाशे-सातशे मीटरवर आहे, उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडतो, तो विमान आणि घाट असा भेद करत नाही. रात्र खालीच काढायची.

मालवणबद्दल इथले जाणकार लिहितीलच. माझ्या मते ते चव घ्यायला चांगलं आहे, आठ दिवस घालवायला नाही. किनाऱ्याजवळची पाच-सात मीटर खोली, तीन ते पाच मीटर दिसणं, चांगल्या दिवशी थोडं जास्त. गोव्याच्या ग्रँड आयलंडची गत तशीच, झुआरीचं मुख जवळ आहे म्हणून पाणी लवकर गढुळतं. तिथे जुन्या बुडालेल्या जहाजाचे अवशेष आहेत, ते सर्टिफिकेट असलेल्याला बघण्यासारखे.

उरलं अंदमान आणि लक्षद्वीप. तुमच्या चौघांसाठी अंदमान, आणि त्यातही स्वराज द्वीप (हॅवलॉक) व शहीद द्वीप (नील) ही जोडी. कारण एकाच बेटावर तीन प्रकारचं पाणी मिळतं : किनाऱ्यावरून चालत जाता येईल असं उथळ, शिकणाऱ्यांसाठी ८-१२ मीटरचं, आणि सर्टिफिकेट असलेल्यांसाठी ३० मीटरपर्यंतचं. तुम्ही कोर्सला गेलात तरी बाकीचे तिघं हॉटेलात माशा मारत बसणार नाहीत.

अपेक्षा मात्र ताळ्यावर ठेवा. अंदमानच्या उथळ पाण्यातली प्रवाळं २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, त्यांतली बरीच पुन्हा उभी राहिली नाहीत. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत बघणं) करताना रंगीबेरंगी बागेची कल्पना घेऊन गेलात तर हिरमोड होईल. मासे भरपूर, प्रवाळ तुकड्यातुकड्यांत. खोल जागा बऱ्याच बऱ्या अवस्थेत आहेत.

---

चिवल्याकडचो

मालवणाक नावां ठेवूक सोपा आसा, पण निम्मे लोक चुकीच्या दिवशी येतात आणि पाणी गढूळ म्हणून परत जातात.

भरती-ओहोटीचा हिशेब असा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि तळाची वाळू ढवळून काढतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग, म्हणजे चढ-उतार कमी, ओढ कमी, पाणी निवळ. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ. मालवणात साधारण तासभर आधी, म्हणजे आठ. पूर्ण भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि घटकाभर ओढ थांबते. सकाळची पहिली बोट आठलाच सुटते. म्हणजे एकादशी-द्वादशी, शुक्ल असो की कृष्ण, हे दिवस मालवणला डोळे झाकून धरावेत. कालनिर्णयात तिथी बघा आणि मग लॉजचं बुकिंग करा. लोक उलटं करतात.

दुसरं, वाऱ्याचं. पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, समुद्र थाळीसारखा असतो. दुपारी खारे वारे सुटले की लाट उभी राहते. अकरानंतरची बोट स्वस्त देतायत म्हणून घेऊ नका.

तिसरं, जागा. देवबागला कर्लीच्या मुखाजवळ पाणी कायम गढूळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांत बरं. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा शंख-प्रवाळ उचलायचं नाही. फोटोत जे काळ्या पट्ट्यांच्या माशांचं मोहोळ दिसतं ते पावाच्या तुकड्यांवर जमवलेलं असतं. पाव टाकू नका म्हणून आधीच सांगा, मासे तरीही दिसतात, फक्त नाकासमोर येत नाहीत.

आता "स्कूबा" या शब्दाखाली इथे काय मिळतं ते समजून घ्या. हजार-दीड हजारात बऱ्याच ठिकाणी सिलिंडर बोटीत असतो, तुमच्या तोंडात लांब नळीचं दुसरं टोक, आणि गाइड तुम्हाला मागून धरून खाली नेतो. सात ते दहा मिनिटं. ज्याला फक्त पाण्याखाली श्वास घेऊन बघायचाय त्याला ते पुरतं. पण ते शिकणं नव्हे.

शिकायचं असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, खास खोल तरणतलावासकट. तुमच्या बायकोने अंदमानच्या आधी एखाद्या शनिवार-रविवारी तिथे तलावात रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं तोंडातलं यंत्र) तोंडात धरून बघितला तर खाऱ्या पाण्यातली अर्धी भीती इथेच जाईल.

आणि मेअखेरीस कुणी बोलावलं तर येऊ नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो याच दिवसांत. वारा फिरलेला असतो. मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंदच असतात, आणि बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात धंदा उरकायची घाई असते.

---

वीस_मीटर

वरच्या सात-दहा मिनिटांवर एक हिशेब, कारण हा प्रश्न सगळीकडे विचारायला हवा. साधा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, २०० बार दाबाला (हवेच्या साध्या दाबाच्या सुमारे दोनशेपट) भरलेला. म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा. ५० बार राखीव सोडले तरी १,६५० लिटर वापरायला मिळतात. नवखा माणूस वर मिनिटाला २०-२५ लिटर ओढतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो म्हणून ४०-५० लिटर. तरी अर्धा तास निघतो. ५ मीटरवर त्याहून जास्त. त्यामुळे दहा मिनिटांत वर आणलं तर हवा संपलेली नसते, पुढचं गिऱ्हाईक वाट बघत असतं.

---

कानाचा_डॉक्टर

दम्याचा उल्लेख वाचून लिहितोय, कारण बाकीच्या गोष्टी जमवून घेता येतात, ही नाही.

सिलिंडरमधली हवा कोरडी आणि थंड असते. थंडीने किंवा व्यायामाने उफाळणारा दमा असेल तर ती हवा हाच त्रास सुरू करायला पुरेसा मुद्दा. खाली असताना श्वासनलिका आवळल्या तर हवा फुप्फुसात अडकते, आणि वर येताना दाब कमी झाला की तीच हवा फुगते. फुप्फुस फाटायला फार खोली लागत नाही, दीड मीटरही पुरतो. ब्रिटनमधल्या डाइव्हिंगच्या वैद्यकीय सूचना म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट विचारतात : दमा थंडी, श्रम किंवा भावनांनी चाळवतो का, आणि गेल्या ४८ तासांत पंप लागला का. पहिल्याचं उत्तर "हो" असेल तर स्कूबा नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलगी त्याच गटात दिसते. निर्णय छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) बघून घ्यायचा, इथे लिहिणाऱ्यांनी नाही आणि डाइव्ह सेंटरच्या माणसाने तर मुळीच नाही. फॉर्मवर दमा लपवून "नाही" लिहिण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या सेंटरमधून उठून यायचं.

स्नॉर्केलिंगचा प्रश्न वेगळा. वरची हवा साधी असते आणि दाबाचा खेळ नसतो. दमा आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून करू द्या. पंप बोटीत कोरड्या पिशवीत, किनाऱ्यावरच्या सॅकमध्ये नाही.

आईंसाठी : रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जायच्या आधी ईसीजी आणि डॉक्टरांशी बोलणं. गळ्यापर्यंत पाण्यात शिरलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावर भार येतो. धाप लागली तर "पाण्याची सवय नाही" म्हणून सोडून देऊ नका, लगेच बाहेर आणा. आणि तो पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणू नका. दिसायला सोपा, पण आतली हवा नीट फिरली नाही तर सोडलेलाच कार्बन डायऑक्साइड परत ओढला जातो. गडबड झाली तर तोंडातली नळी थुंकून टाकता येते, तो मास्क पट्ट्यांसकट उपसावा लागतो.

आता कान, तुमच्यासाठी. हवेच्या आकारमानात सगळ्यांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो. म्हणून लोक १२ मीटरवर नव्हे, दोन-तीन मीटरवर कान धरून बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर फुंकलं तर नाकातून कानाकडे जाणारी नळी आवळून बसलेली असते, जोर लावाल तेवढा पडदा ताणला जातो. एक मीटर वर या, पुन्हा करा. डोकं वर, पाय खाली ठेवून उतरलं की सोपं जातं. सर्दी असेल तर त्या दिवशी नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणं हा नेहमीचा आचरटपणा आहे : गोळीचा असर खाली असताना ओसरतो आणि मग वर येताना कान अडकतात.

बोट लागत असेल तर अ‍ॅव्होमिन वगैरे गोळ्या झोप आणतात. स्नॉर्केलिंगला चालेल, डाइव्हच्या आधी पहिल्यांदाच घेऊन बघायची गोष्ट नाही. घरी एकदा घेऊन सुस्ती किती येते ते बघा, डॉक्टरांना विचारा.

---

सदाफिरस्ता

डॉक्टर, मनापासून आभार. मुलीचं स्कूबा रद्द, स्पायरोमेट्रीची वेळ घेतो. मग चित्र असं : मी कोर्स, बायकोला एक चाचणी डाइव्ह, मुलगी आणि आई स्नॉर्केलिंग. अंदमानच नक्की करतो. चष्म्याचं काय करू? आणि आठ दिवसांत हे बसतं का? लक्षद्वीपचा कुणी उल्लेखच केला नाही, ते का?

---

जहाजबुडवी

लक्षद्वीप : पाणी देशात सर्वांत सुंदर, यात वाद नाही. लगून (प्रवाळांच्या कड्याच्या आतलं पाणी) उथळ, शांत, आईंसाठी अंदमानपेक्षाही बरं. २० मीटरपर्यंत सहज दिसतं. पण परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय काही खरं नाही. विमान कोचीहून अगत्तीला, छोटं, जागा थोड्या. जहाजाने रात्रभराचा प्रवास. कडमतला जायचं तर अगत्तीहून पुढे बोट. नाताळच्या आठवड्यासाठी हे सगळं आता जुळवणं म्हणजे लग्नसराईत हॉल शोधणं. चार-पाच महिने आधी सुरुवात करून मार्चमध्ये जा.

---

वीस_मीटर

चष्मा : नंबरचे मास्क मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर आहे म्हणजे तुमचं काम सोपं. पाण्याखाली वस्तू तशाही सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे उणे चारचा मास्कही चालून जातो. किंवा एक दिवस वापरून टाकायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. कोर्समध्ये मास्क पाण्याने भरून रिकामा करायचा सराव असतो, तेव्हा डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर लेन्स समुद्राला अर्पण. कडक लेन्स नकोत.

मास्क घ्यायचाच तर दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच हवा आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. मिशी असेल तर नाकाखालची बारीक पट्टी भादरा, नाहीतर तिथूनच थेंब थेंब पाणी शिरतं. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा चोळून धुतला नाही तर कितीही थुंकी लावा, वाफ धरणारच.

कोर्स आणि दिवस : ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्समध्ये थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. पोहण्याची परीक्षा : २०० मीटर न थांबता, किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केल लावून ३००, आणि १० मिनिटं तरंगून राहणं. वेळेची अट नाही. थिअरी ऑनलाइन घरीच उरका, आठ-दहा तासांचं काम आहे. नाहीतर अंदमानच्या निळ्या पाण्यासमोर बसून व्हिडिओ बघत एक दिवस जातो. पुण्या-मुंबईत तलावातला सराव करून देणारी सेंटर आहेत. तोही इथेच केला तर तसं लिहून मिळालेलं पत्र (रेफरल) वर्षभर चालतं, आणि तिकडे फक्त चार डाइव्ह उरतात, दोन दिवसांत दोन-दोन.

मग आठ दिवस असे बसतात. पहिला दिवस पुण्याहून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), मुक्काम तिथेच. त्याच दिवशीची फेरीबोट पकडायच्या फंदात पडू नका, विमान दोन तास उशिरा आलं की तिकीट बुडालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने स्वराज द्वीप. तिसरा आणि चौथा दिवस तुमच्या डाइव्ह. पाचवा दिवस बायकोची चाचणी डाइव्ह, तुम्ही किनाऱ्यावर. सहावा दिवस शहीद द्वीप, सातवा परत पोर्ट ब्लेअर, आठवा विमान. शेवटची डाइव्ह आणि विमान यांत एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास लागतात. पूर्ण दिवस सोडला तर उत्तम. वरच्या आखणीत तो आपोआप सुटतो. समुद्र खवळून एक फेरी रद्द झाली तरी सातवा दिवस गादीसारखा मध्ये आहे. डिसेंबरात ईशान्येचा वारा असतो, तेव्हा हे होऊ शकतं. सर्वांत शांत पाणी फेब्रुवारी ते एप्रिल, पण शाळा ऐकणार नाही.

आणि अंदमानात घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपला नाही. डिसेंबरात पाचच्या आसपास मावळतो. डाइव्हच्या बोटी सकाळी साडेसहा-सातला निघतात. दुपारनंतरच्या योजना आखू नका.

---

नीलकाठ

आई आणि मुलीपुरतं लिहितो, कारण त्यांच्याबद्दल सगळे एका ओळीत आटोपतायत.

हॅवलॉकला सगळे एलिफंट बीच सुचवतात. जेटीवरून बोटीने वीस मिनिटं, किंवा जंगलातून चालत. आईंना बोटच. तिथे नाताळात गर्दी इतकी की पाण्यात माशांपेक्षा लाइफ जॅकेटं जास्त दिसतात. पहिल्या बोटीने जा, नऊच्या आत पाण्यात. गाइड रबरी ट्यूब धरून ओढत नेतो, आईंनी ट्यूब दोन्ही हातांनी धरायची, तोंड पाण्यात, पाय सैल. पाय मारायला लागलं की दम लागतो आणि प्रवाळावर लाथ बसते. लाइफ जॅकेटचा खालचा पट्टा लावायला लावा, तो मोकळा असला की जॅकेट कानापर्यंत वर चढतं आणि तोंड पाण्यात ठेवताच येत नाही. नव्वद टक्के "मला जमत नाही" तिथून येतं.

आधी किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव. नाक मास्कमध्ये बंद असतं, पण जन्माची सवय नाकाने ओढायची. नाकाने ओढलं की मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटतो, माणूस घाबरून मास्क उचलतो, पाणी शिरतं. हे एकदा उथळात होऊन गेलं की खोलात होत नाही.

नीलला भरतपूर बीच त्याहून बरा. किनाऱ्यालगत उथळ, आणि काचेच्या तळाच्या बोटी आहेत. आईंना त्या दिवशी पाण्यात उतरायचा उत्साह नसला तर त्या बोटीतूनही प्रवाळ दिसतात. पण भरतीची वेळ बघूनच. ओहोटीला पाणी एवढं उतरतं की लोक नकळत प्रवाळावरून चालतात. प्रवाळ कापतो, जखम लवकर भरत नाही, आणि त्या एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ जाते. उलट लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघायचा असतो. दोन्ही एकाच दिवशी करता येतं, फक्त क्रम तिथल्या भरतीच्या तक्त्याप्रमाणे. वर पाऊणपटीचा आडाखा दिलाय तो अंदमानला लावू नका, तो अरबी समुद्राचा आहे.

मुलीला पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घ्या. पालथं तरंगताना पाठ भाजते, पाण्यात कळत नाही, रात्री कळतं. सनस्क्रीन फासून प्रवाळांवर सोडण्यापेक्षा कापड बरं. अर्ध्या तासाने मुलांना थंडी वाजते, २८ अंशांच्या पाण्यातसुद्धा. ओठ निळे दिसले की बाहेर. तुमच्या मुलीच्या बाबतीत तर हे जास्त पाळा.

किनाऱ्यांवर मगरींच्या सूचनांचे फलक आहेत. ते शोभेसाठी नाहीत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक बाईंचा बळी गेला आहे. खाडीचं तोंड, तिवरांचा भाग, आणि अंधार पडल्यानंतरचं पाणी टाळायचं. जाळी लावलेली असेल तिथे जाळीच्या आत.

शंख-शिंपले, मेलेला प्रवाळसुद्धा, पिशवीत टाकू नका. विमानतळावर तपासतात, आणि वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच पंक्तीला आहेत.

---

सदाफिरस्ता

हे छापून भिंतीवर लावतो. शेवटचं : हॅवलॉकला डाइव्ह सेंटर डझनांनी दिसतायत, सगळ्यांची रेटिंग उत्तम. फोनवर काय विचारलं म्हणजे फरक कळेल?

---

जहाजबुडवी

"मेडिकल फॉर्म पैसे भरायच्या आधी पाठवाल का?" एवढंच विचारा. टाळाटाळ केली तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

---

वीस_मीटर

ते आहेच. बायकोच्या चाचणी डाइव्हसाठी आणखी थोडं. पाण्यात एका प्रशिक्षकामागे किती जण? नियम चार सांगतो, चांगली सेंटर घाबरणाऱ्या माणसाला एकास एक देतात. तसं हवंय म्हणून आधीच सांगा. दुसरं, सराव कुठे? कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर परत घेणं आणि कान मोकळे करणं, हे तिन्ही झाल्याशिवाय खाली न्यायचं नाही. "बोटीवरच समजावतो" असं उत्तर आलं तर नको. हॅवलॉकला किनाऱ्यावरून चालत आत नेणारी डाइव्ह मिळते. बोटीच्या डाइव्हपेक्षा दिसणं थोडं कमी, पण पायाखाली वाळू लागत असताना सराव होतो. तुमच्या बायकोसाठी तीच घ्या. कमाल खोली १२ मीटर, पण ६ मीटरवरच थांबायचं असेल तर थांबता येतं, तसं बजावून सांगा. वर येताना श्वास रोखायचा नाही, हा एकच नियम पाठ हवा. बाकीचं प्रशिक्षक बघतो.

बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, आणि तो वापरता येणारा माणूस त्या दिवशी बोटीवर असेल का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. दाबाचा त्रास झालाच तर त्यावर उपचार करणारा चेंबर पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात आहे, म्हणजे मध्ये समुद्र आहे. तोवर ऑक्सिजनच. डाइव्हचा विमा काढा, प्रवासाच्या साध्या विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा.

फोटो-व्हिडिओ कोण काढणार तेही विचारा. प्रशिक्षकच एका हातात कॅमेरा धरणार असेल तर बायकोला धरायला त्याच्याकडे एकच हात उरतो.

---

चिवल्याकडचो

बुकिंगचा क्रम विमान, फेरी, डाइव्ह सेंटर आणि मग हॉटेल. नाताळात खाजगी फेऱ्यांच्या सकाळच्या जागा हॉटेलांच्या आधी संपतात. सरकारी फेरी स्वस्त, पण तिच्या भरवशावर डाइव्हचा दिवस लावू नका. आणि तारकर्लीचा तलाव करायचा असेल तर नोव्हेंबरातच या. डिसेंबरच्या शेवटी मालवणात गाडी लावायलाही जागा नसता.